सात मिनिटांचं वळण

“सरळ रस्ता गटाराला हवा. माणसाला कशाला?” असं मामा एकदा म्हणाला होता. तेव्हा तो शिडीच्या सहाव्या पायरीवर उभा होता, तोंडात दोन बोल्ट धरलेले, आणि खाली शिडी धरून मी. तोंडात बोल्ट असतानाही त्याला गप्प बसता येत नसे.

त्या उन्हाळ्यात मी एकोणीस वर्षांची होते. परीक्षा संपली तशी आईने मला सुट्टीपुरती तिच्या भावाच्या शहरात धाडली. निघताना तिने दोन गोष्टी बजावल्या. “शहर नीट बघून घे. आणि मामाच्या नादी लागू नकोस.” दोन्ही एकदम जमण्यासारखं नाही हे तिला पक्कं ठाऊक असणार, लहानपणी तीही त्याचंच बोट धरून हिंडली होती.

मामा नगरपालिकेच्या रस्ते खात्यात होता. आमच्या घरी एवढंच बोललं जायचं, म्हणून मी त्याच्याभोवती कायम डांबराचा वास धरून चालले होते. प्रत्यक्षात त्याच्या अंगाला रंगाचा वास यायचा. माणूस किडकिडीत, कानावर पेन्सिल, सदऱ्याच्या खिशात लोखंडी पाना. पान्याच्या वजनाने तो खिसा लोंबायचा आणि सदऱ्याबरोबर मामाही एका अंगाला कलल्यासारखा दिसायचा. मामी म्हणायची, “लग्नात सरळ होते हो. मी नीट बघून घेतलं होतं.”

घर पहिल्या मजल्यावर, खाली कुलपं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. मधे बावीस पायऱ्या. तीन वर्षांपूर्वी मामी त्या पायऱ्यांवरून पडली आणि तिचा खुबा मोडला. हाड जुळलं, पायऱ्यांशी तिचं पुन्हा जुळलं नाही. तेव्हापासून ती खाली उतरली नव्हती. दिवसभर खिडकीशी खुर्ची टाकून बसायची. खिडकीच्या गजाला मामाने मोटरसायकलचा आरसा तारेने बांधून दिला होता, म्हणजे मागच्या वळणावरून येणारंही तिला दिसावं. मला वाटलं, नवरा बायकोसाठी एवढं करतो, पुष्कळ झालं. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी घड्याळाचा मनोरा बघायला निघाले. चौकात निळी पाटी होती, तिच्यावर पांढरा बाण. बाणामागून बाण धरत गेले. पाच पाट्या झाल्या, घाम निथळायला लागला, आणि सहाव्या वळणावर वरून आवाज आला.

“आलीस? कसा वाटला मनोरा?”

मी आमच्याच खिडकीखाली उभी होते.

“मामी, अजून पोचलेच नाही!”

“मग उभी काय राहिलीस? हो पुढे. पिंपाच्या कोपऱ्यावर डावीकडे.”

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाकडून बागेकडे निघाले. पाट्यांनी मला मामीच्या खिडकीखाली आणलं. तिसऱ्या दिवशी बागेतून जुन्या पुलाकडे. पुन्हा खिडकी. मी एकटी असते तर स्वतःलाच बावळट म्हटलं असतं, पण गल्लीतून सगळं शहर पाहायला आलेलं जगच चाललं होतं. टोप्या, छत्र्या, पोरं खांद्यावर घेतलेले बाप, पुढे धावणाऱ्या आया. उन्हाळ्यात शहराचा तीन दिवसांचा उत्सव असायचा, त्यासाठी लोक आठवडाभर आधीपासून येऊन राहत.

आणि मामी त्यांना पुस्तकासारखं वाचायची.

“ते बघ, नवे बूट. पुलापर्यंत अनवाणी होतो का नाही सांग.”

किंवा, “या दोघांचं सकाळीच वाजलंय. ती दोन पावलं पुढे आहे, पण पाण्याची बाटली त्याच्या हातात आहे. आता तहान कधी लागते ते बघायचं.”

लोक वर बघून रस्ता विचारायचे. ती सांगायची, आणि वर न विचारलेलंही सांगायची. “बाळाला टोपी घाला हो, डोकं तापलंय त्याचं!” खुबा मोडलेल्या त्या बाईच्या घरात दिवसाला तीनशे माणसं पायऱ्या न चढता येऊन जायची. तिला त्याचा अभिमान होता. “आपली गल्लीच तशी आहे,” ती म्हणायची. “कुठूनही निघा, इथूनच जावंसं वाटतं.”

मला मात्र भूगोलात चांगले गुण होते, आणि चांगले गुण मिळालेल्या माणसाला गप्प बसवत नाही. संग्रहालयाच्या दाराशी सूचनांची वही होती. तिच्यात मी अख्खं पान भरून नकाशा काढला. सगळ्या पाट्या, सगळे बाण, आणि जिथे सगळ्या रेघा येऊन मिळतात तिथे एक फुली. खाली लिहिलं, “शहरातल्या सर्व पाट्या प्रवाशाला एकाच गल्लीत का नेतात? कृपया सरळ मार्ग दाखवावा. एक जागरूक पर्यटक.” ‘सरळ’खाली दोन रेघा मारल्या.

दोन दिवसांनी भर दुपारी बागेच्या फाटकाशी मला शिडी दिसली. रखवालदार खुर्चीत मान टाकून झोपला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, सावल्याही आपापल्या भिंतींना चिकटून पडल्या होत्या. शिडीवर मामा होता. पाटीचा बोल्ट ढिला करून तो बाण अगदी अलगद सरकवत होता, झोपलेल्या मुलाची कूस बदलावी तसा.

त्याने मला पाहिलं. चपापला वगैरे अजिबात नाही.

“आलीसच आहेस तर शिडी धर.”

“मामा, हे तू करतोस? सगळ्या पाट्या?”

“एकेचाळीस. तीन वर्षं लागली. बोल्ट पाव फेरी सैल करायचा आणि पाटी महिन्याला दोन बोटं सरकवायची. एकदम फिरवली तर लबाडी दिसते. हळूहळू फिरवली की लोक त्याला हवामान म्हणतात.”

“अरे पण माणसं उन्हातान्हात उगीच फिरतात!”

“सात मिनिटं. मी स्वतः चालून बघितलंय. सुट्टीवर आलेल्या माणसाला सात मिनिटं कशाला हवीत? घरी नेऊन लोणचं घालणार आहे?” आणि मग तो ते गटाराचं वाक्य म्हणाला.

मी विचारलं, मामीला माहीत आहे का.

“वेडी आहेस का?” तो पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. “तिला वाटतं गल्लीच तशी आहे. ते तसंच राहू दे.”

माझ्या हातातून शिडी निसटायला लागली. वहीबद्दल मी त्याला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धावत संग्रहालयात गेले. पान फाडलेलं होतं.

“वर पाठवलं,” दारावरचा माणूस म्हणाला. “नगरपालिकेत नवे साहेब आलेत ना. उत्सवाच्या आधी सगळ्या सूचना मागवल्यात. तुमचं पान फार आवडलं म्हणे.”

उत्सवाला तीन दिवस उरले असताना मामीने खिडकीतून हाक मारली. “अहो, निळ्या सदऱ्याचे! तिसऱ्यांदा चाललात. काही हरवलंय का?”

खाली एक घामाघूम गृहस्थ उभे होते, काखेत फाइल, ओठांवर भरघोस मिशी. “नगरपालिकेची कचेरी कुठे आली? तिथूनच निघालो होतो.”

“वर या, आधी पाणी प्या. कचेरी कुठे पळून जात नाही. हलायची सवयच नाही तिला.”

ते वर आले आणि मामीने त्यांना पाणी दिलं. “उत्सवाला आलात ना? मजा करा. यंदा नवे साहेब आलेत म्हणे, सगळं सरळ करायला निघालेत. आमचे हे सांगत होते, साहेब कसला, नुसती मिशी आहे.”

गृहस्थांचा हात मिशीकडे गेला. आणि तेवढ्यात जेवायला म्हणून मामा दारात उभा राहिला.

“साहेब,” तो म्हणाला.

मामीने भांडं खाली ठेवलं.

साहेबांनी फाइल उघडून माझं पान टेबलावर पसरलं. “हे बघा. एका शहाण्या पर्यटकाने काढलंय. मी आज स्वतः खात्री केली. ही फुली म्हणजे कुठलं घर?”

मामाने नकाशा निरखला. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा नकाशा. “वाऱ्याने फिरतात पाट्या, साहेब.”

“एकेचाळीस पाट्या वारा एकाच घराकडे फिरवतो?”

“उन्हाळ्यातला वारा तो. त्याचं काही खरं नसतं.”

साहेब हसले नाहीत. “उद्या दुपारपर्यंत सगळ्या सरळ करा. उत्सवात एक जरी पाटी वाकडी दिसली तर मला तुमच्या नोकरीचं बघावं लागेल. दोनच वर्षं राहिलीत ना तुमची?” उठताना ते मामीला म्हणाले, “पाणी छान गार होतं.” आणि खाली जाऊन पुन्हा चुकीच्या बाजूला वळले. एरवी मामीने हाक मारली असती. आज मारली नाही.

ती फुलीकडे बघत होती. मग तिने आरशाकडे पाहिलं, मग मामाकडे. “म्हणजे गल्ली तशी नव्हतीच,” एवढंच म्हणाली. खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे पाठ करून बसली.

संध्याकाळी मी मामाजवळ कबूल केलं. रडलेसुद्धा.

“रडतेस काय? तीन वर्षांत एका लेकाच्याला पत्ता लागला नव्हता. तू नीट बघितलंस म्हणून कळलं. फक्त नकाशात उत्तर दिशा उलटी दाखवलीस, तेवढी लाज वाटू दे.” पण चेष्टा फक्त त्याच्या आवाजात होती, पाना त्याने खिशातून काढून दारामागे ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या पाट्या सरळ झाल्या. मामी त्याच्याशी बोलेना. मीठ हवं असलं तर मला सांगायची, आणि मीठ त्याच्याच हाताशी असायचं.

उत्सवाचा पहिला दिवस उजाडला. मी उत्साहाने बाहेर पडले. चौकाचौकांत पताका, बँड, रंगवलेल्या गाड्या. पाट्या अशा सरळ की अकरा मिनिटांत मनोरा. तिथून आठ मिनिटांत संग्रहालय, मग पूल, मग बाग. दहाच्या आत शहर संपलं. मनोऱ्याच्या पायऱ्यांवर माझ्यासारखेच बरेच लोक पाय पसरून बसले होते आणि आता काय करायचं म्हणून एकमेकांच्या चुका काढत होते. अकराला मुख्य रस्त्यावरून मिरवणूक निघाली, नदीकाठाकडे गेली. गर्दीत मी आईस्क्रीम खाल्लं, ते अंगावर सांडलं, आणि घरी आले.

गल्लीत कुलूपवाल्याचं मांजर रस्त्याच्या मधोमध झोपलं होतं. उठवायला कोणी नव्हतं.

मामा जेवायला बसला होता. मामीने खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवली होती. आरशात रिकामं वळण, आणि लांबून बँडचा ढोल तेवढा ऐकू येत होता.

“काय काय बघितलंस?” तिने मला विचारलं.

“पुष्कळ लोक होते. एक टोपीवाला होता.”

“टोपी कशी होती?”

“टोपीसारखी.”

“त्याच्याबरोबर कोण होतं? चेहरा कसा होता? वैतागलेला, का नुसता दमलेला?”

“ते नाही बघितलं.”

“मेले, तुला डोळे दिलेत कशाला देवाने!” ती कळवळून म्हणाली, आणि आपलं कळवळणं तिच्याच लक्षात आलं.

मामा ताटातून मान वर काढत नव्हता. घास लहान लहान होत चालले होते. गॅलरीतल्या दोरीवर त्याचे दोन सदरे वाळत होते, बाह्या खाली सोडून, शिक्षा झाल्यासारखे. काही हलत नव्हतं. मामी बराच वेळ त्या सदऱ्यांकडे बघत राहिली.

“अहो,” ती म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

मामाने वर पाहिलं.

“वारा सुटलाय वाटतं.”

मामाने दोरीकडे पाहिलं. सदऱ्याचं एक टोकसुद्धा हललं नाही.

“बराच सुटलाय,” मामी म्हणाली. “मिरवणूक नदीवरून परतायला अजून तासभर आहे. आणि तुमची मिशी तिथे पहिल्या रांगेत बसलीय, भाषण झाल्याशिवाय काही उठत नाही.” तिने हात लांबवून आरशावरची धूळ पदराने पुसली आणि तो वळणाकडे नीट केला. “मनोऱ्याजवळच्या पाटीचं मला काही खरं वाटत नाही हो.”

मामाने शेवटचा घास घेतला. सावकाश हात धुतले. दारामागचा पाना उचलून खिशात टाकला, तसा सदरा नेहमीच्या अंगाला कलला. मग त्याने भिंतीला टेकवलेली शिडी खांद्यावर घेतली आणि बावीस पायऱ्या उतरून गेला.