पुसलेली फीत

गेल्या वर्षी धाकटी बहीण गेली. त्यानंतर तिच्या यजमानांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली: तिचा आवाज. तरुणपणी रेडिओवरच्या एका साप्ताहिक विनोदी श्रुतिकेत ती भांडखोर गृहिणीचं काम करत असे. घरात तिची एकही ध्वनिफीत नव्हती.

मी माहितीच्या अधिकारात रेडिओ केंद्राकडे अर्ज केला. उत्तर मुदतीनंतर आले, तेही अपुरे. त्या बेपर्वाईचा मला मनस्वी संताप आला. सविस्तर पत्र लिहून मी संबंधित नस्तीतल्या, म्हणजे फाइलीतल्या, कागदांच्या प्रती मागवल्या, आणि त्या आल्या. एका भागाविरुद्ध श्रोत्याची तक्रार आल्याने श्रुतिका बंद झाली होती. साऱ्या फिती पुसून त्यांवर भातलागवडीची भाषणे ध्वनिमुद्रित केली होती. सोबत तक्रारीची प्रत होती. अक्षर माझे होते.

तक्रार मी विसरलो नव्हतो. तेव्हा मी वसईच्या न्यायालयात कारकून होतो. त्या भागात जप्तीला आलेला बेलिफ गृहिणीच्या हातचे कालवण खाऊन, जप्ती न करताच ढेकर देत परततो, असा प्रसंग होता. न्यायसंस्थेचा हा अवमान आहे, असे मी चार पाने भरून कळवले. गृहिणी माझी बहीण आहे हे ठाऊक असूनही कळवले. कायद्यापुढे नाते कसले, असे मला वाटे. पुढे काय झाले याची चौकशी केली नाही. काही दिवसांनी ती म्हणाली, "आता केंद्रावर जाणं जमत नाही, दादा. जाण्यायेण्यात दिवस मोडतो." मी ते खरे मानले.

कागद घेऊन मी गोखिवऱ्याला बहिणीच्या घरी गेलो. मेहुण्यांनी चष्मा पुसला, पण कागद उघडले नाहीत.

"अपील करायचं का, दादा? तीस दिवस असतात ना?"

"कोणाविरुद्ध करू? तक्रार माझीच होती, भाऊजी."

"माहीत आहे. केंद्रावर तिला ते पत्र दाखवलं होतं. घरी येऊन म्हणाली, चार पानांत एक खाडाखोड नाही. आमचा दादा कोर्टात उगीच नाही."

"मला का नाही बोलली?"

"बोलली असती तर तुम्ही पाचवं पान लिहिलं असतंत," ते म्हणाले आणि हसले. 

मग त्यांनी त्या भागातले तिचे एक वाक्य तिच्याच सुरात म्हणून दाखवले: "साहेब, जप्ती नंतर करा, आधी कालवण निवतंय." त्यांचा आवाज मध्येच फाटला. "असंच म्हणायची ना ती?" त्यांनी विचारले.

मला सांगता आले नाही. तो भाग लागला त्या संध्याकाळी रेडिओ माझ्यासमोरच चालू होता. पण मी कागद पुढे ओढून बेलिफाचे गुन्हे टिपून घेत होतो.