एकाच आडनावाच्या दोघी

पोटात मुलगी होती तेव्हा मी सुरतेत, उधन्याच्या एका ऑफिसात आयर्लंडची जुनी जनगणना टाइप करत होते. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचे कागद स्क्रीनवर यायचे आणि त्यांवरची वाकड्या अक्षरांतली माणसं आम्ही रकान्यांत बसवायचो. परदेशातल्या कुणा गिऱ्हाइकाला आपल्या आडनावाची माणसं त्या काळी कुठे, किती घरांत राहत होती, काय करत होती, हे हवं होतं. गिऱ्हाइकाचं आडनाव सांगायची मुभा नाही. पश्चिमेच्या समुद्राकाठच्या एका जिल्ह्यात गावंच्या गावं त्याच आडनावाची. पूर्वेकडे सरकलं की तुरळक. राजधानीत तर कुणाच्या घरी कामाला राहिलेली एखादीच पोरगी. स्पेलिंगही दर गावात वेगळं.

लग्न झालेल्या बायकांसाठी त्या कागदावर दोन खास खण होते. किती मुलं जिवंत जन्मली, आणि त्यांतली आज किती आहेत. बहुतेक ठिकाणी दुसरा आकडा लहान. सुरुवातीला मी ते इतर आकड्यांसारखेच भरून टाकले. सातवा महिना लागला आणि माझे हात अडखळायला लागले. एक शेतकऱ्याची बायको होती, माझ्याच वयाची. पहिल्या खणात तीन, दुसऱ्यात शून्य. घरात ती, नवरा आणि सासू. मी उठून पाणी प्यायले, परत येऊन बसले, तरी पुढचा कागद उघडवेना.

शेजारी बसणारी गुजराती मैत्रीण हसली. "ए लोको तो क्यारना मरी गया. तू शाने डरे छे?"

कधीच मेलेल्या माणसांना मी कशाला घाबरते, हे तिला कसं सांगणार? घरी येऊनही मी पोटावर हात ठेवून बसायचे. बाळ हललं की जीव भांड्यात पडायचा, पण तेवढ्यापुरताच; पुन्हा हलेपर्यंत परत धास्ती.

थोड्याच दिवसांनी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, जेवण झालं तरी बाळ हललं नाही. गूळ खाल्ला, कुशीवर पडून पाहिलं. काहीच नाही. ओट्याशी सासूबाई भांडी घासत होत्या. माझ्याकडे बघताच त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"काय व्हयनं?" घरात त्या अहिराणीच बोलतात.

"आई, हलत नाहीये."

"चाल, दवाखानामा जाऊत." पदराला हात पुसत त्या तशाच निघाल्या.

नवरा कडोदऱ्याला कारखान्यात होता, तो परस्पर येणार होता. डिंडोलीच्या पुलावर रिक्षा अडकली तेव्हा सासूबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. खोलीत नुसती खरखर. मी छताकडे बघत राहिले. मग एक ठोका ऐकू आला, दमलेल्या माणसासारखा.

"ठोके कमी होताहेत," त्या म्हणाल्या, "आत्ताच ऑपरेशन करावं लागेल."

मुलगी जन्मली. रडली असं म्हणतात, मी काही ऐकलं नाही. तिला खाली काचेच्या पेटीत ठेवलं आणि मला वरच्या वॉर्डात आणलं. पलीकडच्या खाटेवरच्या बाईचंही बाळ खाली पेटीतच होतं. तिची सासूही आमच्यासारखी खानदेशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स दारात आली आणि तिने फक्त आडनाव पुकारलं. आमचं आडनाव. मी हात वर केला. पलीकडच्या बाईनेही केला.

नर्स गोंधळली. हातातला कागद तिने उलटा-सुलटा करून पाहिला, पण त्यावर बाळाचं नाव नव्हतं. बाळांना नाव होतंच कुठे?

"नीचेथी फोन हतो," ती म्हणाली, "साथे कोण छे, एने जल्दी मोकलो."

सोबतीच्या माणसाला खाली पाठवा म्हणताच दोन्ही सासवा एकदमच उठल्या आणि एकमेकींकडे न बघता जिन्याकडे धावल्या. टाके ओढत होते, तरी मी अर्धी उठून दाराकडे बघत राहिले. पलीकडची बाई सारखी विचारत होती, "तुमचं का हो? तुमचंच असेल ना?" मला राग आला नाही. मी मनात तिच्याबद्दल तेच म्हणत होते.

सासूबाई आधी वर आल्या. चौकट धरून उभ्या राहिल्या.

"आपली से. आपली बरी से," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पलीकडची बाई ओरडली. ते ओरडणं संपायच्या आत मला हायसं वाटलं, आणि आपल्याला असं वाटलं याचीच इतकी भीती वाटली की मी पांघरूण तोंडावर ओढलं.

पांघरुणाच्या आतून मला सासूबाईंचा आवाज येत होता. त्या तिच्या खाटेवर जाऊन बसल्या होत्या. "माले बी चार व्हयनात, माय. दोन राह्यनात." माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती, पण हे मला माहीत नव्हतं. गेलेल्या दोघांची नावं त्यांनी तिला सांगितली. एकाला पोहायचं वेड होतं, हेही सांगितलं. ती बाई रडत राहिली आणि त्या बोलत राहिल्या.

त्या बाईला घरी सोडलं त्या दिवशी माझी मुलगी पहिल्यांदा वर आली होती, दुपट्यात गुंडाळलेली. ती बाई पिशवी घेऊन माझ्या खाटेशी थांबली.

"जरा घेऊ?"

माझे हात आखडले. काय काय डोक्यात आलं ते सांगवत नाही. मी सासूबाईंकडे पाहिलं. मी मुलगी तिच्या हातात दिली. तिने तिला छातीशी धरलं, कपाळावरची दुपट्याची घडी नीट केली. मी तिच्या कोपरांकडे बघत होते. मग तिने मुलगी परत माझ्या मांडीवर ठेवली आणि नवऱ्यामागून जिना उतरली.