मुलीच्या नावावर घेतलेली गोळी

हॉटेलच्या लाँड्रीत तिला लहानथोर सगळेच वहिनी म्हणत. नवरा तिथेच बॉयलरवर कामाला होता, म्हणून ती सगळ्यांची वहिनी झाली. पुढे नवरा वारला, बॉयलरवर दुसरा माणूस आला, पण वहिनी वहिनीच राहिली. काम चादरींचं. ओल्या चादरी गरम रोलरमध्ये सरळ सोडायच्या, पलीकडून निघाल्या की घड्या घालायच्या आणि ट्रॉलीत रचायच्या. दिवसभर वाफेत उभं राहून संध्याकाळी पोटऱ्यांचे दगड व्हायचे. हातांवर कोपरापर्यंत चटक्यांचे डाग, काही जुने, काही ताजे. घरी एकुलती एक मुलगी. दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसायची. आईपेक्षा नीटनेटकी आणि आईपेक्षा तापट.

एकदा सामानाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडकली, तेव्हा वहिनी ट्रॉलीसकट आत होती. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस वरून वाकून म्हणाला, "वहिनी, घाबरू नका, आत्ता काढतो." आत्ता म्हणता म्हणता बराच वेळ गेला. तेवढ्या वेळात त्याने वरूनच आपली अख्खी कहाणी ऐकवली. बायको सोडून गेली, पुन्हा लग्नाच्या फंदात पडलो नाही, स्वयंपाक स्वतः करतो आणि तो स्वतःलाच खाववत नाही. अंधारात चादरींच्या ढिगावर बसून वहिनी हसली. नवरा गेल्यापासून अशी हसली नव्हती. त्यानंतर तो सारखा कुठली ना कुठली लिफ्ट तपासायला येऊ लागला, आणि कधीतरी त्याने तिला वहिनी म्हणणं सोडलं. लाँड्रीत कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं.

रविवारी मुलीला "मैत्रिणीकडे जाऊन येते" सांगून ती त्याच्या खोलीवर जायची. अशाच एका रविवारी दुपारी कंडोम फाटला.

"अरेच्चा," तो म्हणाला.

ती छताकडे बघत पडून राहिली. "किती जुना होता?"

"पैशांच्या पाकिटात होता. बरेच दिवस असेल." मग जरा खजील होऊन तो म्हणाला, "पण आता या वयात काय व्हायचंय?"

"वय माझं आहे. पाळी उशिरा येते, पण येते. माझ्या मावशीचं शेंडेफळ ती माझ्याएवढी असताना झालं होतं."

तिला राग आला नव्हता. आला तो थकवा. रोलरमध्ये चादर गुंडाळली गेली की मशीन बंद करायचं, निवेपर्यंत थांबायचं आणि एकेक पदर सोडवत बसायचं. ते काम नेहमी तिच्याच वाट्याला यायचं. इथेही तसंच होणार, हे तिला पडल्या पडल्या कळलं.

तो मात्र उठला, शर्ट घातला आणि म्हणाला, "मी आणतो गोळी." गेला आणि डोकेदुखीचा बाम घेऊन परत आला.

"दुकानात आमच्या साहेबांची बायको उभी होती," तो म्हणाला. "तोंडातून शब्दच फुटेना."

एरवी तिला हसू आलं असतं. "राहू द्या. मी बघते," एवढंच ती म्हणाली.

लांबच्या, अनोळखी दुकानात जावं, असं तिने बसमध्ये ठरवलं होतं. पण उतरल्यावर पायांनी साफ नकार दिला. घराच्या कोपऱ्यावर औषधाचं दुकान उघडं होतं. दुकानदार जुना ओळखीचा, नवऱ्याच्या आजारपणातली औषधं त्याच्याकडूनच यायची. तिने हळू आवाजात गोळी मागितली. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"कुणासाठी?" दुकानदाराने विचारलं.

"मुलीसाठी."

विचार करायच्या आत शब्द निघून गेला होता. दुकानदाराने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, गोळी कागदात गुंडाळली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "घरी गेल्या गेल्या द्या. तीन दिवसांच्या आत घ्यायची असते, पण जितका उशीर तितका भरवसा कमी. घेतल्यावर थोड्या वेळात उलटी झाली तर मला येऊन सांगा, परत घ्यावी लागेल. आणि पोरीला समजवा, हा नेहमीचा उपाय नव्हे."

"समजावते," ती म्हणाली आणि खरंच मुलीने काही केल्यासारखी मान खाली घालून बाहेर पडली. जिन्यातच, पहिल्या वळणावर उभं राहून, बाटलीतल्या पाण्याबरोबर तिने गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी वाफेच्या वासाने तिला मळमळत होतं. डोकं जड, छाती दुखरी. शेजारची बाई म्हणाली, "वहिनी, पित्त झालं वाटतं." ती म्हणाली, "हो, पित्तच."

त्याच आठवड्यात मुलगी सर्दीचं औषध घ्यायला कोपऱ्यावर गेली. परत आली ती चप्पल न काढता थेट ओट्यापाशी.

"आई, तो दुकानदार मला म्हणाला, 'आता बरं आहे ना बाळ? त्या गोळीने त्रास नाही ना झाला? आईला फार काळजी होती.' कसली काळजी? मी कधी गोळी मागवली?"

वहिनी भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला. आणखी एखादी थाप सुचली असती, पण तेवढं त्राण नव्हतं.

"तुझ्यासाठी नव्हती. माझ्यासाठी होती."

मुलगी स्टुलावर बसली. "कोण?"

"लिफ्टचं काम करतात ते."

"ते असू देत!" मुलगी एकदम उसळली. "म्हणजे त्यांच्याबद्दल मग बोलू. पण माझं नाव का? त्या दुकानावरून मी रोज जाते, आई!"

"मागे माणसं उभी होती. वाटलं, तुझ्या वयाला ते शोभेल, माझ्या नाही."

"माझ्या वयाला शोभेल? मला तर कुणी चहाला चल म्हणूनसुद्धा विचारत नाही!" बोलता बोलता मुलीला हसू फुटलं आणि हसता हसता ती रडायला लागली. वहिनी ओले हात तसेच धरून उभी राहिली. जवळ घ्यावं की नाही, तिला कळेना.

दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी वहिनी कामावरून येताना दुकानात शिरली. या वेळीही गिऱ्हाइकं होतीच. ती काउंटरला हात टेकवून म्हणाली, "त्या दिवशीची गोळी मुलीची नव्हती. मी माझ्यासाठी घेतली होती. मुलीला काही बोलू नका." दुकानदाराचे कान लाल झाले. "बरं, बरं," म्हणत तो फडताळाकडे वळला. कुणी हसलं का, हे बघायलाही ती थांबली नाही.

घरी येऊन तिने हे मुलीला सांगितलं. जेवताना मुलगी म्हणाली, "दवाखान्यात गेलीस का?"

"गोळी घेतली की."

"गोळीने दिवस राहायचे टळतात. दुसरं काही लागलं असेल तर? उद्या माझ्याबरोबर चल."

दवाखान्यातली नर्स पन्नाशीची, आवाज घोगरा. तिने सगळं असं विचारलं, जणू घरात पाणी कधी येतं ते विचारतेय. कंडोम पाकिटात ठेवलेला, वर तेल लावलेलं, हे ऐकून तिने मान हलवली. "उष्णतेने रबर कुजतं, ताई, आणि तेलाने विरतं. नवा आणायचा, तारीख बघायची. त्यांचं आधी कुणाशी होतं?"

"विचारलं नाही."

"विचारा. आणि त्यांनाही पाठवा. काही संसर्ग मुकाट असतात, दुखत नाही, खुपत नाही, आतल्या आत पसरतात. आज तुमची तपासणी करू. रक्ताची मात्र काही आठवड्यांनी परत करायची, लगेच सगळं दिसत नाही. आणि तीन आठवड्यांत पाळी आली नाही तर या."

रविवारी ती त्याच्या खोलीवर गेली नाही. बसस्टॉपच्या बाकावर त्याला बोलावलं आणि तपासणीचं सांगितलं.

"म्हणजे माझ्यावर संशय?" तो म्हणाला. "मी चांगला धडधाकट आहे."

"ती लिफ्टसुद्धा धडधाकटच दिसत होती." मग तिने विचारलं, "बायको गेल्यानंतर कुणी होतं?"

तो बोटांची नखं बघत राहिला. "होतं. बाहेरगावी कामाला होतो तेव्हा. विसरलो होतो मी."

"मी नाही विसरणार," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तपासून घ्या. तोवर मी येत नाही."

तो गेला नाही. आज या बिल्डिंगचं काम, उद्या त्या बिल्डिंगचं. तिनेही फोन केला नाही. मग तिचा रिपोर्ट आला. रक्त स्वच्छ होतं, पण एक संसर्ग निघाला, गोळ्यांनी पूर्ण बरा होणारा. तिने त्याला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "माझ्यात निघालंय. माझ्याकडे ते आणखी कुठून येणार?" दुसऱ्या दिवशी काम टाकून तो दवाखान्यात गेला. त्याच्यातही तेच निघालं. नर्सने त्याला फैलावर घेतलं, असं त्यानेच सांगितलं. दोघांचा औषधाचा कोर्स पुरा होईपर्यंत दोघं फक्त फोनवर बोलली. तेही बहुतेक वेळा, गोळी घेतली का, एवढंच.

पाळी लांबली. रोज सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली की मुलगी नजरेने विचारायची आणि ती मान हलवायची. शेवटी एकदा भर कामात कंबरेत कळ आली. चादरींच्या कोठीत जाऊन तिने खात्री केली आणि पालथ्या टोपलीवर बसून राहिली. आनंद वगैरे काही झाला नाही. बाहेरून कुणीतरी "वहिनी, रोलर रिकामा फिरतोय!" म्हणून ओरडलं, तेव्हा ती उठली.

पुढे रक्ताचा दुसरा रिपोर्टही स्वच्छ आला. नर्सच्या सल्ल्याने तिने तांबी बसवून घेतली. तांबीने संसर्ग अडत नाही, म्हणून कंडोमही चालूच ठेवायचे, हे नर्सने दोघांना समोर बसवून सांगितलं. आता तो स्वतः दुकानात जाऊन कंडोम आणतो. कान लाल होतात, पण आणतो.

मुलगी त्याच्याविषयी महिनाभर चकार शब्द बोलली नाही. मग एका संध्याकाळी वहिनी पाय कोमट पाण्यात सोडून बसली होती, तेव्हा आतून आवाज आला, "आई, त्यांना सांग, आपला न्हाणीघरातला नळ गळतोय."

"ते लिफ्टचं काम करतात."

"घरी पाना तर असेल ना त्यांच्या?"

"असेल," वहिनी म्हणाली आणि पाय तसेच पाण्यात ठेवून तिने डोळे मिटले.