नागमोडी आली

ऑफिसात तिला मणकेबाई म्हणत, आणि त्याचं तिला कौतुकच होतं. हाडांच्या हॉस्पिटलातला बिलांचा विभाग. काचेच्या खिडकीमागे चार टेबलं, आणि हिच्या टेबलावर फक्त पाठीची ऑपरेशनं. सर्जनने लिहिलेलं टिपण वाचायचं, कुठपासून कुठपर्यंत मणके जोडले, स्क्रू कुठे बसवले, हे हुडकून काढायचं आणि प्रत्येक कामाला त्याचा ठरलेला कोड लावून विमा कंपनीकडे धाडायचं. वाकडी पाठ सरळ करण्याच्या ऑपरेशनात मणके मोजतात, मधल्या फटी नव्हेत. नवखा माणूस हमखास फटी मोजतो आणि बिल आपटतं. मणकेबाईचं बिल आपटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. 'हे तर दिसण्यासाठी केलेलं ऑपरेशन' म्हणून विमेवाल्यांनी हात वर केले, की ती फोनवर पाठीचा कोन आणि फुफ्फुसांवरचा दाब असा काही ऐकवायची की समोरचा म्हणायचा, बाई, पुरे, करतो मंजूर.

बाई हुशार, यात वादच नाही. पण जिभेला हाड नसतं म्हणतात, आणि जिथे हाड नाही तिथे हिचं लक्षही नसायचं. वाकड्या पाठीच्या पेशंटला 'नागमोडी' हे नाव तिनेच ठेवलेलं. तसा एक्स-रे आला की ती टेबलावरूनच हाक द्यायची, "नागमोडी आली गं," आणि सगळं ऑफिस खुदखुदायचं. वाईट मनाने नव्हे हो. दिवसभर दुसऱ्याच्या दुखण्याचे आकडे करायचे, तर माणसाने हसायचंही नाही का, असं तिचं म्हणणं.

हे हसू ती घरीही आणायची. पानावर बसल्यावर नवऱ्याने "आज काय विशेष?" विचारायचा अवकाश. "आजची नागमोडी म्हणजे नुसता घाटरस्ता. मानेखालून कंबरेपर्यंत दोन सळया ठोकल्यात, स्क्रू मोजता मोजता मी दमले." नवरा हसायचा. लेक मान खाली घालून भराभर चार घास गिळायची आणि उठायची. वयात येणाऱ्या पोरी अशाच, आई म्हणायची. ढगळ शर्ट घालते, दार लावून बसते, सगळं वयाच्या खात्यावर जमा.

शेवटी कळलं ते मावशीमुळे. भाचीला घेऊन ती कपड्यांच्या दुकानात गेली होती. पोरगी ड्रेस घालून बघायला पडद्याआड गेली आणि मावशीने सहज डोकं आत घातलं. तिथूनच तिने बहिणीला फोन लावला.

"अगं ताई, हिची पाठ बघितलीस का तू?"

घरी आल्यावर आईने दार लावून घेतलं आणि लेकीला म्हणाली, "वाक बघू पुढे." लेक वाकली. उजव्या बाजूच्या बरगड्या वर आल्या, डाव्या खालीच राहिल्या. हे वाक्य मणकेबाईने टिपणांत इतक्यांदा वाचलं होतं की ते तिला पाठ होतं. डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहत होती, आणि तेही स्वतःच्या घरात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

डॉक्टर ओळखीचेच. ते रागावले नाहीत, तेच तिला जास्त लागलं. "दोन वर्षांपूर्वी आणायला हवं होतं," एवढंच म्हणाले. "तेव्हा पाठीला पट्टा बांधून भागलं असतं. आता ऑपरेशनच."

परतताना तिने लेकीला विचारलं, "तुला कळत होतं ना? मग बोलली का नाहीस?"

"तूच सांगायचीस ना जेवताना," लेक म्हणाली. "सळया ठोकतात म्हणून. मला वाटलं, दिसलं नाही तर ठोकणार नाहीत."

मणकेबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रस्त्यात उभं राहून रडायचीही तिला लाज वाटली, कारण रडायचा हक्क पोरीचा होता आणि ती तर रडत नव्हती.

ऑपरेशनला लेक तयार होईना. भीती सुईची नव्हती, सळयांचीही आता उरली नव्हती. "तुझ्या हॉस्पिटलात नको. तुमच्या खिडकीत मला नागमोडी म्हणतील." पण तो सर्जन तिथेच होता, आणि कोन महिन्या-महिन्याला वाढत होता. आईने तिचे हात धरले. "कुणी म्हणणार नाही. माझा शब्द." लेकीने होकाराची मान हलवली.

आता शब्द पाळायचा तर ऑफिसात सांगायला हवं होतं. नाही म्हणायला ती प्रयत्न करायची. शेजारच्या टेबलावर चष्मेवाली, वर्षानुवर्षांची मैत्रीण. नातेवाईकाची फाइल स्वतः करायची नाही असा नियम, म्हणजे लेकीची फाइल तिच्याकडेच जाणार. चहाच्या वेळी मणकेबाई तिच्यापाशी जायची, तोंड उघडायची आणि पंखा किती आवाज करतो ते बोलून परत यायची. मणकेबाईच्या घरात वाकडी पाठ आणि मणकेबाईलाच पत्ता नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार? उद्या सांगू, उद्या सांगू करता करता भरती व्हायचा दिवस उजाडला.

बाप गाडी लावायला गेला होता. लेक एकटीच पिशवी घेऊन खिडकीशी आली. आईने आतून हसून हात केला आणि जागेवरून उठू लागली. तेवढ्यात चष्मेवालीच्या टेबलावर नवी फाइल पडली. तिने एक्स-रे उजेडाला धरला. नावाकडे तिने पाहिलंच नाही. कशाला पाहील, तिला शिकवणारीनेही कधी पाहिलं नव्हतं.

"नागमोडी आली गं," तिने हाक दिली.

आणि मणकेबाई हसली. तिला हसायचं नव्हतं. पण त्या हाकेला हसायची तोंडाला इतक्या वर्षांची सवय, तोंड आपलं आपण हसलं. काचेपलीकडून लेक नेमकी तिच्याच तोंडाकडे बघत होती.

ते हसू पुसायला हात तोंडापर्यंत जाईतो लेक खिडकीच्या भोकाशी वाकली. तिचा ढगळ शर्ट एका बाजूने वर उचलला गेला.

"हो, मीच ती," ती चष्मेवालीला म्हणाली. "सही कुठे करायची?"

चष्मेवालीने आधी नाव वाचलं, मग मणकेबाईकडे पाहिलं. हातातला एक्स-रे तिने हळूच पालथा ठेवला.

"माझी मुलगी आहे," मणकेबाई म्हणाली. पण ते आता सगळ्यांना कळलंच होतं.