उरलेलं कापड आणि जास्तीचा चेक

आमचं पिको-फॉलचं मशीन मी विकलं, त्याला आता चार महिने झाले. सध्या ते आमच्याच दुकानात आहे आणि मी ते चालवतो आहे.

सांगतो. म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात आमचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. कात्री बायकोच्या, म्हणजे सुशीलाच्या हातात आणि तोंड माझं, अशी कामाची वाटणी! सुशीलाला दिवाळीआधी कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन घ्यायचं होतं, नाहीतर लग्नसराईचं सगळं काम समोरचा दुकानदार नेणार होता. दोन वर्षं ती स्वतःच्या खात्यात पैसे साठवत होती. नऊ हजार कमी पडत होते. म्हणून जुनं मशीन ऑनलाइन विकायचं ठरलं आणि ते काम मी मोठ्या उत्साहाने अंगावर घेतलं. तिथेच चुकलं.

"फोनवरून पैसे घ्यायचे नाहीत," मी जाहीर केलं. "हल्ली त्यात फार फसवतात. चेकच घ्यायचा! कागद असतो, सही असते."

"तुम्हाला चेकचं काय गोत्तु?" सुशीला म्हणाली.

मला सगळं माहीत आहे असा चेहरा करून मी जाहिरात टाकली. दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक! कडकोळच्या एका कारखान्यात मॅनेजर आहे म्हणाला. नऊ हजार सांगितले, नऊ हजार कबूल! (आमच्या मोहल्ल्यात रुमाल घेतानासुद्धा लोक अर्धा तास घासाघीस करतात.) मशीन बघायलाही येणार नव्हता. "तुमच्या आवाजावरूनच कळतं सर, माल चांगला असणार," असं म्हणाला. माझ्या आवाजाचं कौतुक घरात कधी होत नाही. माणूस मला खानदानी वाटला.

गुरुवारी कुरियरने चेक आला. पंधरा हजारांचा! पाठोपाठ फोन.

"अय्यो सर, ऑफिसवाल्यांनी टेंपोचं भाडंसुद्धा त्यातच घातलं. तुम्ही चेक भरा. वरचे सहा हजार टेंपोवाल्याच्या नंबरवर पाठवा. रविवारी तो मशीन घ्यायला येईल."

आता इथे आमच्या खानदानाचा दोष सांगायला हवा. गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड ठेवून घ्यायचं नाही, ही आमच्या बाबांची शिस्त. चार बोटांची पट्टी उरली तरी ती ब्लाउजच्या घडीत घालून परत जायची. एकदा सोसले गावातल्या एका गिऱ्हाइकाचं पाऊण वार कापड परत करायला बाबा बसने गेले होते. जायचं-यायचं बसभाडं कापडापेक्षा जास्त झालं! अशा बापाच्या मुलाकडे दुसऱ्याचे सहा हजार उरले होते. मला जेवण जाईना.

शुक्रवारी संध्याकाळी चेक भरला. शनिवारी बँकेचा मेसेज आला, तोही इंग्रजीत. त्यातले 'पंधरा हजार', 'अकाउंट' आणि 'क्रेडिट' हे तीन शब्द मला कळले. पुढे बरंच काही होतं, पण तीन शब्दांत काम झाल्यावर उगाच डोळे कशाला शिणवायचे?

तेवढ्यात पुन्हा मॅनेजरचा फोन. टेंपोवाला पैशांसाठी अडून बसलाय म्हणे. माझ्या फोनवर पैसे पाठवायची सोयच ठेवलेली नव्हती (फसवतात ना!), आणि खात्यात स्वतःचे म्हणावेत असे आठशेच रुपये होते. सुशीला आंघोळीला गेली होती आणि तिचा फोन चार्जिंगला. पिन म्हणजे आमच्या लग्नाचं वर्ष. (ते माझ्या लक्षात आहे, हे तिला नंतर कळलं आणि तिने कपाळावर हात मारला.) तिच्या खात्यातून मी सहा हजार पाठवून दिले. हो, फोनवरून. घ्यायचे नाहीत असं म्हटलं होतं. द्यायचे नाहीत असं कुठे म्हटलं होतं?

रविवारी टेंपो आला. मी मशीन उचलायला वाकलो, तर सुशीला त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली. तिचीही एक शिस्त आहे: पैसे हातात पडल्याशिवाय ब्लाउज द्यायचा नाही, मग समोर सख्खी नणंद का असेना.

"चेक वटला?"

"मेसेज आलाय की!"

"दाखवा."

तिने मेसेज शेवटपर्यंत वाचला. (हा मार्ग मला सुचलाच नव्हता.) "चेक वटल्यावरच जमा होतील असं लिहिलंय इथे! अर्धं माप घेऊन कापून मोकळे झालात?"

"अगं, पण मी सहा हजार परतसुद्धा..."

"कुठले सहा हजार?"

मी टेंपोवाल्याकडे बघितलं. "तुला मिळाले ना रे?"

"सहा हजार?" तो हसायलाच लागला. "कडकोळपर्यंत सहाशे होतात, अण्णा! आणि तेही तुमच्याकडूनच घ्यायला सांगितलेत."

मॅनेजरला फोन लावला. बंद!

"मी काय म्हणतो..." मी सुरुवात केली.

"सुम्ने इरी! अगदी गप्प!" सुशीला ओरडली. टेंपोवाला बिचारा स्टँडवरचा, त्या मॅनेजरने फोनवरूनच ठरवलेला; त्याला रिकाम्या टेंपोचे तीनशे द्यावे लागले. तेही माझ्याच खिशातून!

सोमवारी बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी चेक परत केला. ते खातं केव्हाच बंद झालेलं होतं. वर चेक परत आल्याचा आकार माझ्या आठशेतून कापला.

"अण्णा, चेक वटेपर्यंत एक रुपयासुद्धा पाठवायचा नाही. ठरल्यापेक्षा जास्तीचा चेक आला तर तो भरायचाच नाही."

"आम्ही टेलर लोक, मॅडम. उरलेलं परत द्यायची सवय..."

"पण कापड मिळालंच नव्हतं अण्णा, उरेल कुठून?"

पोलिसांत तक्रार दिली. पैसे काही आले नाहीत. दिवाळीला नवं मशीन समोरच्या दुकानात आलं. सुशीला चार दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मला खरंच फार वाईट वाटलं. पाचव्या दिवशी तिने निकाल दिला: जुनं मशीन विकायचं नाही, मी त्यावर बसायचं आणि सहा हजार फिटेपर्यंत पिको-फॉल करायचा.

परवा पाठ आखडली म्हणून विचारलं, "किती फिटले ग?"

"सतराशे."

"मग उरलेले?"

ती पहिल्यांदाच गोड हसली. "द्या की चेकने. मला चालेल. फक्त वटेपर्यंत मशीनवरून उठायचं नाही."

माझ्या खात्यात किती आहेत ते तिला माहीत आहे. मी पुढची साडी घेतली.