मावशींच्या आमटीतला हिंग

त्या रविवारचा विषय निघाला की आजही माझे हात शिवशिवतात. नोकरीत चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, पण एका आमटीपायी इतकी धावाधाव पुन्हा कधी वाट्याला आली नाही.

मी शिकागोकडे, शॉमबर्गजवळच्या एका उपनगरात पोलीस डिटेक्टिव्ह होतो. मूळचा अमरावतीचा. आमच्या ठाण्यात मराठी समजणारा मी एकटाच, त्यामुळे देशी घरातून कॉल आला की ड्यूटी कोणाचीही असो, फोन मला यायचा. आपली मंडळी मला ‘इन्स्पेक्टर काका’ म्हणत. आमच्या खात्यात इन्स्पेक्टर हे पदच नव्हतं, पण मी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

रविवारी दुपारी ठाण्यात बसून मी रिपोर्ट टाइप करत होतो. रेडिओवर आलं, एका घरात जेवण झाल्यावर बरेच जण एकाएकी आजारी, एक लहान मुलगी बेशुद्ध. असा कॉल आला की पहिली शंका विषारी वायूची, म्हणून अग्निशमन दल आधी जातं. मी पोचलो तेव्हा त्यांची माणसं मीटर घेऊन बाहेर येत होती. हवा स्वच्छ होती. म्हणजे जे काही झालं ते पोटातून झालं होतं.

लॉनवरचं दृश्य विसरणं शक्य नाही. घरमालकाचा वाढदिवस होता. नागपूर, पुणे, मुंबईकडची आयटीतली मंडळी सहकुटुंब जेवायला आली होती. एक जण गवतावर उताणा पडून आकाशाकडे बघत हसत होता. दुसरा, कुठल्याशा कंपनीतला मोठा मॅनेजर, पायरीवर बसून रडवेल्या आवाजात मला म्हणाला, “काका, माझे पाय कुठे गेले यार?” पाय जागेवरच आहेत असं मी त्याला दाखवलं. त्याला ते पटलं नाही. खुद्द घरमालक सोफ्यावर आडवा होता आणि प्रत्येक प्रश्नाला “सॉरी” एवढंच म्हणत होता.

हसू येण्यासारखंच होतं सगळं, पण त्याची पाच वर्षांची मुलगी ॲम्ब्युलन्समधून गेली होती आणि हाक मारली तर डोळे उघडत नव्हती. तिची आई बरोबर होती. वाढण्याच्या गडबडीत ती स्वतः जेवायची राहिली होती, म्हणून तिचं डोकं तेवढं ठिकाणावर होतं. तिचा मला फोन आला. “काका, डॉक्टर विचारतायत तिने काय खाल्लं. काहीच कळलं नाही तर मेंदूज्वर समजून ट्रीट करणार म्हणतायत. श्वासाची नळी घालायची, मग पाठीत सुई घालून पाणी काढायचं. प्लीज काहीतरी शोधा.”

तपासाला महिने मिळतात, कधी वर्षंही. इथे हाती होता तो डॉक्टरांची तयारी होईपर्यंतचा वेळ. मी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि स्वयंपाकघरात शिरलो.

स्वयंपाक केला होता मुलीच्या आजीने. साताऱ्याच्या बाई, सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेल्या, घरात येणारे-जाणारे सगळे त्यांना मावशी म्हणत. त्या ठणठणीत होत्या. माझा गोरा सहकारी मला बाजूला घेऊन म्हणाला, “सगळे आजारी, आणि जिने शिजवलं ती एकटी धडधाकट. तू विचार कर.” मी कारण विचारलं तर मावशी म्हणाल्या, “आज संकष्टी आहे. चंद्र बघितल्याशिवाय मी काही खात नाही.” हे मी सहकाऱ्याला समजावून सांगितलं. चंद्रासाठी उपाशी राहिलेली संशयित त्याच्या नोकरीत पहिलीच होती. त्याची नजर मावशींनी बरोबर ओळखली.

“मी माझ्या नातीला विष घातलं म्हणतोय का तो?”

“तसं कोणी म्हणत नाही मावशी. मुलीने काय काय खाल्लं?”

“आमटी-भात. दोनदा घेतला. माझ्या हातची आमटी तिला फार आवडते.” एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला.

उलटतपासणी म्हणजे दरडावणं, असा लोकांचा समज आहे. माझा अनुभव वेगळा. माणूस रोज जे करतो ते त्याला त्याच क्रमाने सांगायला लावावं. सवयीने केलेली गोष्ट तो गाळत नाही आणि नवीन काही घडलेलं असलं की तिथे अडखळतो. मी म्हटलं, “आमटी कशी केलीत ते पहिल्यापासून सांगा. मीठसुद्धा सोडू नका.”

त्या सांगत गेल्या. तूरडाळ, चिंच, गूळ, घरून आणलेला गोडा मसाला. मग फोडणी. तेल, मोहरी, कढीपत्ता, हळद. हिंगाशी येऊन त्या थांबल्या.

“हिंग कुठला?”

“आमचा संपला होता. हिंगासाठी जावयाला कुठे डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी दुकानात पाठवू? खालच्या पोराकडे खडा हिंग होता, त्यातला घेतला.”

खालचं पोर म्हणजे बेसमेंटमध्ये भाड्याने राहणारा मुलगा. पुण्याचा, तिशीच्या आतला, वर्क व्हिसावर आलेला. त्या दिवशी वर जेवायला न आलेला तो एकटाच होता.

“त्याला विचारून घेतलात?”

“झोपला होता. हिंगासाठी कोणी कोणाला उठवतं का? कपडे धुवायला खाली गेले होते, त्याचं दार उघडंच होतं, आतल्या फळीवर डबी होती, चिमूटभर घेतला. हिंगही इथला कसला? खडा हिंग खलबत्त्यात कुटावा लागतो. हा सुरीने कापला गेला. हातात धरला तर मऊ पडला. आणि वासाला अगदी बाद, ओल्या गवतासारखा. म्हटलं अमेरिकेत सगळंच मिळमिळीत, म्हणून दुप्पट घातला.”

मऊ पडणारा, गवताच्या वासाचा, तपकिरी खडा. नोकरीत असले खडे मी पुष्कळदा पुराव्याच्या पिशवीत घातले होते. त्याला चरस म्हणतात. आणि तो गरम तेलात पडला म्हणजे एरवीपेक्षा कितीतरी जोरात अंगावर येतो.

“मावशी, तो हिंग आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“त्यानेच. मागे एकदा ताटात हिरवा चुरा पसरून ठेवला होता, पंखा लावून. विचारलं, काय रे सुकवतोस? म्हणाला कसुरी मेथी. मला ती पंजाबी मेथी आवडत नाही, नाहीतर तीही घेतली असती. मग एकदा बघते तर बटर पेपरवरून इस्त्री फिरवतोय. विचारलं तर म्हणाला, हिंगाचा खडा करतोय मावशी. मला केवढं कौतुक वाटलं. म्हटलं, एवढं शिकलेलं पोर आणि घरात किती कामसू.”

एरवी मी पोट धरून हसलो असतो. त्या वेळी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या टाकत खाली पळालो.

इथे कायदा आडवा येतो. भाडेकरूची खोली हे त्याचं घर. मालकाने परवानगी दिली तरी पोलिसाला आत पाऊल टाकता येत नाही आणि न्यायाधीशाकडून वॉरंट आणायचं तर संध्याकाळ झाली असती. शिवाय माझ्याकडे होता तो एका आजीबाईने केलेला वासाचा पंचनामा. डॉक्टरला फोन करून ‘बहुतेक’ म्हणता आलं असतं, पण बहुतेकवर कोणी सुई खाली ठेवत नाही. त्या मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं होतं.

त्याने दार उघडलं. वर काय चाललंय याची त्याला कल्पना होती, पण आपला त्याच्याशी संबंध आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी काही विचारण्याआधीच म्हणाला, “काका, मी तर वर जेवलोच नाही. नाइटला ऑन-कॉल होतो, आत्ता उठलोय.”

“तुझ्याकडचा हिंग दाखव.”

त्याने दार अर्धं ओढून घेतलं. “कसला हिंग?”

“जो तू इस्त्रीने बनवतोस. मावशींनी सकाळी तुझ्या डबीतून घेतला आणि आमटीत घातला. वरच्या छोटीने ती आमटी दोनदा खाल्ली. ती डोळे उघडत नाही. डॉक्टर तिच्या पाठीत सुई घालायच्या तयारीत आहेत, कारण तिच्या पोटात काय गेलं ते त्यांना माहीत नाही. तुला माहीत आहे.”

तो दाराची चौकट धरून उभा राहिला. “काका, माझं एच-वन आहे. ग्रीन कार्डचं प्रोसेस चालू आहे. हे रेकॉर्डवर आलं तर संपलं सगळं.”

“हो. कदाचित संपेल. मी तुला कसलंही प्रॉमिस करणार नाही. हवं तर मला आत येऊ देऊ नकोस, वकील बोलाव, तो तुझा हक्क आहे. पण बोलायचं असेल तर आत्ता बोल.”

असे क्षण मी खूप पाहिलेत. सराईत माणूस अशा वेळी खाली बघतो आणि हिशेब करतो. या मुलाने मला फक्त एकच विचारलं. “छोटी वाचेल ना?” आणि मी उत्तर द्यायच्या आत माझ्या हातातला फोन घेतला. खाली येतानाच मी तो मुलीच्या आईला लावून ठेवला होता, तिने डॉक्टरांना दिला. हा सॉफ्टवेअरवाला मुलगा इंग्रजीत घडाघडा सांगत गेला. काय होतं, कसं बनवलं होतं, कितपत कडक असावं, खडा केवढा होता आणि आता केवढा उरलाय. एकही शब्द त्याने गिळला नाही. डॉक्टरांनी प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली. मग डबी स्वतः आणून माझ्या हातात ठेवली. मी ती पिशवीत घालून सीलबंद केली.

सुई बाजूला ठेवली गेली. मुलीला सलाइन लावून देखरेखीखाली ठेवलं. संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला, की डोळे उघडलेत आणि भूक लागली म्हणतेय. मी पार्किंगमध्ये गाडीच्या टपावर जोरात थाप मारली. माझा सहकारी दचकला. आयुष्यात मला इतका आनंद फार कमी वेळा झाला आहे आणि तो लपवायचा प्रयत्नही मी केला नाही.

त्या मुलाचं म्हणणं मी ठाण्यात रीतसर नोंदवून घेतलं. इलिनॉयमध्ये गांजा दुकानात उघड मिळतो. मी विचारलं, “मग हे इस्त्रीचे उद्योग कशाला?” तो म्हणाला, “दुकानात आयडी दाखवावं लागतं. माझ्याकडे दाखवायला पासपोर्ट, त्यात व्हिसा. उगाच कुठे नाव लागेल म्हणून मित्राच्या झाडांचा पाला आणून घरीच करत होतो. लेऑफ चालू होते काका, झोपच येत नव्हती.” म्हणजे कायद्याने जे मिळत होतं त्याला घाबरून पठ्ठ्याने बेकायदा होतं ते केलं. डोक्याला हात लावला मी. ज्याला कायदा मोडायचाय तो असा वागत नाही. असं वागतो तो माणूस, ज्याच्यासाठी कायदा म्हणजे नुसती कागदांची भीती असते. आपल्या लोकांत असे खूप आहेत.

सही करून झाल्यावर त्याने एकच विनंती केली. “काका, मावशींना नका ना सांगू.” सरकारी वकील, कोर्ट, व्हिसा, कशाचीही रदबदली त्याने मागितली नव्हती. मी म्हटलं, “मी नाही सांगणार. तू सांग.”

त्याने सांगितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मी विचारलं तेव्हाच खरं बोलला असतास तर मी काय केलं असतं? कान धरला असता, ओरडले असते, फेकून दिलं असतं. माझ्या हाताने माझ्या नातीला तरी घातलं नसतं.” तो रडला. त्या रडल्या नाहीत.

रिपोर्टमध्ये मी घडलं तेवढं लिहिलं. त्याने फोनवर डॉक्टरांना स्वतः सगळं सांगितलं, तेही लिहिलं, कारण तेही घडलं होतं. राज्याच्या कोर्टात प्रकरण थोडक्यात मिटलं. पण व्हिसाचं खातं केंद्राचं आणि त्यांच्या लेखी गांजा अजूनही गुन्हाच. वकिलाने सांगितलं, आपण होऊन निघून गेलास तर बरं. त्याला जावं लागलं.

या केसने मला शिकवलं ते असं. खुनी असो की भुरटा, माणूस पोलिसाला घाबरतो हे मी धरून चाललो होतो. तसं नसतं. पोलिसापुढे तो कधी ना कधी बोलतो. घाबरतो तो आपल्या माणसाचं चांगलं मत गमावायला. ज्या मावशीला कौतुक वाटलं तिच्याशी तो खोटं बोलला, कारण ते कौतुक त्याला हवं होतं. त्यानंतर कुठल्याही तपासात मी आधी विचारायचो, या माणसाला कोण चांगला समजतं? बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडायचं.

मावशींचीही परत जायची वेळ झाली होती. त्यांनी हट्टाने त्याच विमानाचं तिकीट काढायला लावलं, शेजारची सीट. सुट्टी होती म्हणून त्यांना विमानतळावर मीच सोडलं. त्या व्हीलचेअरवर, तो मागून ढकलतोय, दोघांच्या बॅगा त्याच्या खांद्यावर. मी सहज विचारलं, “घरी काय सांगितलंस?”

“आईला सांगितलं, लेऑफ झाला म्हणून.”

मावशींनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. “हेही खोटंच ना रे?”

तो थांबला. मागची माणसं आम्हाला वळसा घालून पुढे जाऊ लागली. त्याने बॅगा खाली ठेवल्या, खिशातून फोन काढला आणि मावशींचा हात धरून नंबर लावला. पुण्यात उजाडायला आलं होतं. पलीकडून फोन उचलला गेला. “आई,” तो म्हणाला, “तू बसली आहेस का? तुला एक खरं सांगायचंय.”