बाबारावांच्या सरणाचं लाकूड

अल्लीपुरात प्रेमदास कोणाच्या अंगणात शिरला की घरातलं कोणीतरी हटकून म्हणायचं, "दाराची चौकट धरून ठेवा रे, प्रेमदास आला." प्रेमदासही हसायचा. मोडक्या वखराचं, पडक्या गोठ्याचं, मिळेल ते लाकूड तो मागून आणायचा आणि त्यातून माणसं कोरायचा. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. कोरायची पटाशीसुद्धा जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून लोहाराकडून घडवून घेतलेली.

पण बाबारावदादा गेले त्या दिवसापासून तो विनोद कोणी केला की त्याची मान खाली जायची.

दादांच्या अंगणातलं शिवणीचं झाड वादळात पडलं होतं. त्याचे ओंडके त्यांनी नीट रचून ठेवले होते. "हे माह्या सरणाचं आहे. हात लावशील तर पाह्यजो," असं ते प्रेमदासला हसत दटावायचे. दादा गेले, आणि ते ओंडके बैलबंडीत भरून स्मशानात न्यायचं काम नेमकं त्याच्याच वाट्याला आलं. एक ओंडका कमरेत वाकलेला होता. त्यात त्याला कापूस वेचणारी बाई दिसली, पोटाशी बांधलेल्या ओटीसकट. वाट त्याच्या घरावरून जात होती. आसपास कोणी नव्हतं. त्याने ओंडका कुंपणामागे लोटला. एकाने काय कमी पडणार, असं मनाशी म्हणत त्याने बैल हाकले.

कमी पडलं. पायाकडची बाजू जळेना. दादांचा पुतण्या धनंजय गावात धावला आणि जुने टायर घेऊन आला. काळ्या धुरात सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. प्रेमदासने डोळ्यांना लावला.

तरी त्याने ती बाई कोरली. पाठ, मान, ओटीचा फुगवटा, आजवर कधी उतरलं नव्हतं असं सगळं उतरलं. पायाशी आला की मात्र तो पटाशी खाली ठेवायचा.

नालवाडीच्या एका सरांनी ती बाई पाहिली आणि वर्ध्याच्या प्रदर्शनात ठेवायचं ठरवलं. बातमी पसरली तसे लोक बघायला आले.

"आता बोलते का काय ही," एक जण म्हणाला.

"बोलन ना. पयले मजुरी मागन."

हशा पिकला. दादांची बायको, अन्नपूर्णावहिनी, तेवढ्या हसल्या नाहीत. लाकडी बाईच्या पाठीवर एक जुनं भोक होतं. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. लोक गेले तरी त्या बसून राहिल्या.

"आमच्या सुरभीच्या झुल्याची कडी होती इथं," त्या म्हणाल्या. "तिच्या बाबायनंच ठोकली होती."

प्रेमदासने किती दिवस मनात वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकच तोंडातून निघालं. "चुकलो, वहिनी."

"धनंजय घरी येऊन रडला. म्हणे, मोठ्याबाबाले टायरावर जाळलं. मले वाटलं, आमचंच लाकूड कमी निंगालं. घरच्या माणसाले पुरन एवढं सरण नाई जमलं मले. तवापासून चार बायाईत मान वर करून बसली नाई मी."

आपली चोरी कधीतरी उघडी पडेल, एवढीच धास्ती प्रेमदासला होती. तिची लाज दुसरंच कोणी वागवत असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"नालवाडीच्या सरायले नाई म्हणतो. तुमच्या घरी आणून ठेवतो."

"घरी शोभेले ठेवू का मी?" त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "पाय काऊन नाई काढले हिचे?"

त्याने बाईच्या न कोरलेल्या पायांवरचा भुसा बोटाने झटकला.

"काढजो. वर्ध्याले नेजो, पाहू दे लोकाईले. मंग वापस आणून जपून ठेवजो. मी गेली का माह्या सरणावर तुह्या हातानं ठेवजो. सगळ्याईच्या समोर. कोणाचं लाकूड आहे ते सांगून."

दुसऱ्या दिवशी प्रेमदास ओसरीत बाईचे पाय कोरायला बसला. कधीतरी जळणार हे ठाऊक असलेलं काम त्याने आजवर केलं नव्हतं. टाचेची एकेक भेग तो जपून काढत होता. रस्त्याने जाणाऱ्या कोणीतरी हाक दिली, "प्रेमदास, आज कोणाची चौकट सांभाळायची?"

"सगळ्याईनं सांभाळा," तो मान खाली घालूनच म्हणाला.

हाक देणारा हसत पुढे गेला.